फोकस ओढणारे डोळे

एखाद्या मालिकेचे चित्रीकरण पाहायला गेलात, तर नजर साहजिकच कलाकारांकडे जाते. मग कॅमेऱ्याकडे, दिव्यांकडे, चहाचा ट्रे घेऊन फिरणाऱ्या स्पॉटदादाकडे. एका माणसाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तो कुठेतरी कोपऱ्यात असतो, कधी खांबाआड, तर कधी चक्क शेजारच्या खोलीत. समोर वहीएवढा मॉनिटर, हातात जुन्या रेडिओला असायचा तसा गोल फिरणारा नॉब. ‘अ‍ॅक्शन’ म्हटले की हा माणूस श्वास रोखून मॉनिटरकडे बघू लागतो आणि बोटांनी नॉब किंचित, अगदी केसभर, मागेपुढे करत राहतो. नायिका दाराकडून दोन पावले पुढे आली, नॉब फिरला. तिने मान वळवली, पुन्हा फिरला. ‘कट’ झाले की तो आधी डोळे चोळतो, मग पाणी पितो.

हा फोकस पुलर. कॅमेरा धरणारा वेगळा, चौकट ठरवणारा वेगळा. याचे काम एकच: जो चेहरा स्पष्ट दिसायला हवा तो स्पष्ट ठेवणे. काम नीट झाले तर प्रेक्षकाला त्याचा पत्ताही लागत नाही. चुकले तर मात्र मोठ्या पडद्यावर नायिकेच्या डोळ्यांऐवजी तिचा कान ठसठशीत दिसतो आणि तो टेक वाया जातो.

काही वर्षांपूर्वीपर्यंत हा माणूस कॅमेऱ्याला चिकटून उभा असायचा. आता बिनतारी यंत्रणेने त्याला तिथून मोकळे केले आहे. लेन्सच्या कड्याला एक छोटी मोटर लावलेली असते आणि ती हातातल्या नॉबच्या हुकमानुसार फिरते. कॅमेऱ्यावर बसवलेला ट्रान्समीटर चित्र हवेतून मॉनिटरवर पाठवतो. ही दोन उपकरणे एकेकाळी फक्त मोठ्या चित्रपटांच्या आवाक्यात होती. आज तालुक्याच्या गावात लग्नाचे शूटिंग करणारा तरुणही ती वापरताना दिसतो. सोय मोठीच आहे. पण या सोयीने डोळ्यांच्या कामाची अदलाबदल केली आहे, आणि ती समजून घ्यायची तर आधी आपला स्वतःचा डोळा फोकस कसा करतो ते पाहावे लागते.

डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची, ताकद मोठी असते. डोळ्याच्या एकूण सुमारे ६० डायॉप्टरपैकी ४३ त्याच्याकडेच. पण ती ठरलेली, न बदलणारी. जवळचे-लांबचे जुळवून घेण्याचे काम आतले भिंग करते. थॉमस यंग या इंग्रज डॉक्टरने १८०१ मध्ये हे दाखवले तेव्हा प्रयोग स्वतःच्याच डोळ्यावर केला. डोळ्यापुढे पाणी धरून त्याने कॉर्नियाची ताकद निकामी केली, तरीही डोळा जवळचे-लांबचे जुळवून घेऊ शकत होता. म्हणजे बदल आतल्या भिंगात होतो. पुढे १८५५ मध्ये हेल्महोल्ट्झने त्याची रीत सांगितली. भिंगाभोवतीचा स्नायू आकुंचला की भिंगाला ताणणारे बारीक धागे सैल होतात आणि भिंग फुगते. जवळचे स्पष्ट दिसते. कॅमेऱ्यातली काच फुगू शकत नाही. तिथे काचांचा संच पुढेमागे सरकवावा लागतो. (माशाचा डोळाही भिंग असेच सरकवतो, त्यामुळे कॅमेऱ्याचे नाते आपल्यापेक्षा पापलेटशी अधिक जवळचे म्हणायला हरकत नाही.)

आपल्याला हे काम जाणवत नाही, कारण जिकडे बघू तिकडे फोकस आपोआप होतो आणि जिथे झालेला नाही तिकडे आपण बघतच नसतो. कॅमेऱ्याला ही सवलत नाही. त्याच्या चौकटीतला प्रत्येक कोपरा प्रेक्षक बघू शकतो, आणि कुठे बघायचे हे कॅमेऱ्याला कळत नाही. स्वयंचलित फोकस आता चेहरे, डोळे ओळखण्याइतका हुशार झाला आहे. पण प्रसंगात दोन माणसे असतील आणि एक बोलत असताना दुसऱ्याच्या डोळ्यात पाणी येत असेल, तर नजर कधी आणि किती सावकाश तिकडे न्यायची हे कथा ठरवते, यंत्र नाही. म्हणून हा माणूस अजून कामावर आहे.

त्याचे काम किती बारीक आहे, याचा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चेहऱ्याच्या जवळच्या दृश्यांसाठी आवडीने वापरली जाणारी ८५ मिलिमीटरची लेन्स, मोठ्या सेन्सरचा कॅमेरा, लेन्सचे तोंड एफ १.४ इतके उघडे आणि नटी २ मीटरवर. अशा वेळी पुढून मागे सगळी मिळून जेमतेम ५ सेंटिमीटरची पट्टी स्पष्ट दिसते. पापणी स्पष्ट, कान धूसर. तोंड बारीक करून एफ ८ वर नेले तर हीच पट्टी २५ सेंटिमीटरच्या पुढे जाते, पण मग प्रकाश कितीतरी पट अधिक लागतो आणि मागचा तो हवाहवासा धूसरपणाही जातो. मोबाइलवर हा त्रास फारसा का होत नाही? कारण त्याचा सेन्सर नखाएवढा असतो आणि त्याला जवळपास सगळेच स्पष्ट दिसते.

पूर्वी हे ५ सेंटिमीटर सांभाळायचे साधन म्हणजे शिंप्याकडे असते तशी टेप. तालमीच्या वेळी कॅमेऱ्यापासून नटाच्या डोळ्यापर्यंत टेप लावायची, जमिनीवर खूण करायची, लेन्सच्या कड्यावर पेन्सिलीने आकडा टिपायचा. मग टेकच्या वेळी कॅमेऱ्याशेजारी उभे राहून नटाकडे बघत कडे फिरवायचे. कॅमेरा ट्रॉलीवर असेल तर सोबत चालायचे, बहुतेक वेळा उलटे. केबल पायात येऊन पडण्याचे प्रसंग या धंद्यात नवे नाहीत. मुरलेल्या फोकस पुलरची नजर अशी तयार होते की समोरचा माणूस किती फुटांवर आहे हे तो टेपशिवाय सांगतो आणि फार चुकत नाही.

दूर बसून मॉनिटरवर फोकस सांभाळण्याची कल्पनाही वाटते तितकी नवी नाही. स्टॅनली कुब्रिकच्या ‘बॅरी लिंडन’ (१९७५) या चित्रपटात काही प्रसंग मेणबत्त्यांच्या उजेडात टिपले आहेत. त्यासाठी नासाकरता बनवलेली झाइस कंपनीची ५० मिलिमीटर, एफ ०.७ ची लेन्स वापरली होती. तिची स्पष्टतेची पट्टी इतकी अरुंद, की नटाने जरा मान हलवली तरी तो फोकसबाहेर. डग्लस मिल्सम या फोकस पुलरसाठी मग एक युक्ती केली गेली. मुख्य कॅमेऱ्याला काटकोनात, बाजूने, एक व्हिडिओ कॅमेरा लावला आणि त्याच्या मॉनिटरवर चौकटी आखल्या. नट किती पुढेमागे झुकला हे बाजूने नेमके कळे. यातली खुबी लक्षात ठेवावी, पुढे तिचा संबंध येणार आहे: त्या मॉनिटरवर ते स्पष्टता बघत नव्हते, अंतर बघत होते.

त्याच सुमारास गॅरेट ब्राऊनने स्टेडिकॅम आणला. कॅमेरा माणसाच्या अंगावरच्या पट्ट्याला टांगलेला, धक्के न बसता पळणारा. त्याला हात लावला की तोल गेलाच. त्यामुळे फोकस दुरून, रेडिओ लहरींनी करणे भाग पडले. आजच्या गिंबलची आणि ड्रोनचीही तीच गरज आहे. चालत्या मोटारीच्या बॉनेटवर कॅमेरा बांधून शेजारी माणूस लटकवण्यापेक्षा मागच्या गाडीत बसून नॉब फिरवणे केव्हाही शहाणपणाचे, हे हाडांच्या डॉक्टरांना पटवून द्यायची गरज नाही.

साधा कॅमेरा असा बिनतारी करायला फार काही लागत नाही. लेन्सखाली एक दांडी, तिच्यावर मोटर, लेन्सच्या कड्यावर दातेरी पट्टा. मोटर एकदा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून नॉबला दोन्ही टोके शिकवायची. नवशिके इथेच फसतात. स्वयंचलित फोकससाठी बनवलेल्या बऱ्याच लेन्सचे कडे टोकाला अडतच नाही, गोल गोल फिरत राहते, आणि किती फिरवले यापेक्षा किती वेगाने फिरवले यावर फोकस बदलतो. अशा लेन्सवर सकाळी केलेल्या खुणा दुपारी खोट्या ठरतात. कडे दोन्ही टोकांना पक्के अडणारी जुनी हाताने फिरवायची लेन्स या कामाला कितीतरी बरी. दातेरी पट्टा सैल राहिला, तर नॉब फिरतो आणि लेन्स अर्धा क्षण मागे राहते.

अर्धा क्षण म्हणजे किती? इथे शरीरशास्त्र मध्ये येते. डोळ्याला काही दिसून बोट हलेपर्यंत तरबेज माणसालाही सुमारे २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. प्रकाशाचे डोळ्याच्या मागच्या पडद्यावर विद्युतसंदेशात रूपांतर, मेंदूचा निर्णय, स्नायूपर्यंत आज्ञा, या सगळ्याला लागणारा हा वेळ आहे. सरावाने तो थोडा कमी होतो, नाहीसा होत नाही. आता सेकंदाला १ मीटर अशा सावकाश चालीने येणारी नटी पाव सेकंदात २५ सेंटिमीटर पुढे आलेली असते. स्पष्टतेची पट्टी ५ सेंटिमीटरची. म्हणजे जो फोकस पुलर ‘धूसर दिसले की फिरवू’ म्हणेल तो दर वेळी उशिराच पोहोचणार.

त्यात चित्र हवेतून येताना लागणाऱ्या वेळेची भर पडते. यात दोन जाती आहेत. काही ट्रान्समीटर चित्र फारसे न दाबता पाठवतात, त्यांचा उशीर एक मिलिसेकंदाच्या आसपास, म्हणजे नसल्यासारखाच. दुसरे स्वस्त, ते चित्र दाबून, वाय-फायवरून मोबाइलवर किंवा टॅबवर पाठवतात. तिथे शंभर मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक उशीर सहज होतो. कॅमेऱ्याचा आणि मॉनिटरचा स्वतःचा उशीर वेगळा. दीडशे मिलिसेकंद धरले तरी नटी आणखी १५ सेंटिमीटर पुढे. दिग्दर्शकाला किंवा लग्नघरच्या मंडळींना नुसते बघायला असे चित्र चालते. फोकस करायला ते चालत नाही. आपल्या यंत्रणेचा उशीर मोजायचा असेल तर मोबाइलवर स्टॉपवॉच सुरू करून ते कॅमेऱ्यासमोर धरावे आणि स्टॉपवॉच व मॉनिटर या दोघांचा मिळून एकच फोटो काढावा. दोन आकड्यांतला फरक हाच उशीर. खरेदीच्या वेळी दुकानातच हे करून पाहायला लाजू नये.

पण मॉनिटरची खरी मर्यादा उशिराची नाही. धूसर चित्र दिसल्यावर माणूस पुढे आल्यामुळे धूसर झाले की मागे गेल्यामुळे, हे नुसत्या धूसरपणावरून कळत नाही. आपल्या डोळ्यापुढेही हाच पेच असतो, पण डोळ्याकडे जास्तीचे पुरावे असतात. जवळच्या वस्तूकडे बघताना दोन्ही डोळे किंचित आत वळतात, आणि किती वळले यावरून मेंदूला अंतर कळते. शिवाय भिंगातून लाल आणि निळा प्रकाश थोडा वेगळा वाकतो, त्यामुळे धूसर कडांवरच्या रंगछटांतूनही दिशा सुचते. म्हणून डोळ्याचे भिंग बहुतेक वेळा पहिल्याच प्रयत्नात योग्य बाजूला हलते. सपाट मॉनिटरवर हे पुरावे नाहीत. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा, काय गमावले जाते ते कळेल.

हाच अनुभव शल्यचिकित्सकांच्या एका पिढीने घेतला आहे. पित्ताशयाची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया भारतात प्रथम १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहमटन उदवाडिया यांनी केली. त्यानंतर ती शिकणाऱ्यांना पोटात थेट बघण्याऐवजी मान वर करून सपाट मॉनिटरवर बघायची सवय करावी लागली. सुरुवातीला हात चुकतात, चिमटा पुढे जातो किंवा अलीकडेच थांबतो. हळूहळू मेंदू सावल्या, आकार, हालचाल यांवरून खोली ओळखायला शिकतो. उशिराचेही तेच. ७ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये बसलेल्या शल्यचिकित्सकांनी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग इथल्या रुग्णाचे पित्ताशय यंत्रमानवाकरवी काढले, तेव्हा समुद्रापलीकडून येणाऱ्या चित्राला सरासरी १५५ मिलिसेकंद उशीर होता आणि तरी शस्त्रक्रिया सुखरूप पार पडली. अर्थात पित्ताशय काही समोरून चालत येत नाही.

म्हणूनच जुने-जाणते फोकस पुलर बिनतारी मॉनिटर घेऊनही शक्यतो अशा जागी बसतात जिथून नट आणि कॅमेरा दोन्ही बाजूने दिसतील. ‘बॅरी लिंडन’मधला तो काटकोन इथे पुन्हा येतो. नजर नटाच्या पावलावर, खांद्याच्या झुकण्यावर. तो हलणार हे हलण्याआधी ओळखायचे आणि मॉनिटरवर फक्त खात्री करायची. शेजारच्या खोलीत बसून नुसत्या मॉनिटरवर विसंबणारा त्यांच्या मानाने कायम एक पाऊल मागे असतो.

आणि इथे प्रश्न वयाचा येतो. दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्याला जवळ-लांब जुळवायला सुमारे १४ डायॉप्टरची मोकळीक असते, चाळिशीत ती ४-५ वर येते, साठीला १ च्या आसपास. भिंग वयाबरोबर कडक होत जाते, त्याला व्यायामाचा वा काढ्याचा उपाय नाही. पाच मीटरवरचा नट आणि अर्ध्या मीटरवरचा मॉनिटर यांच्यात नजर फिरवणे पंचविशीत फुकट असते. पंचेचाळिशीत प्रत्येक वेळी मॉनिटर स्पष्ट व्हायला क्षणभर थांबावे लागते. मग माणूस नकळत नटाकडे बघणे सोडतो आणि मॉनिटरला चिकटतो. अंतराचा पुरावा गेला, उरला फक्त धूसरपणा. टेक वाया जाऊ लागतात, सेटवर कुजबुज होते की याचा हात आता जड झाला. हात जड झालेला नसतो, चाळिशी लागलेली असते. सकाळी प्रत्येक लेन्स पुसून, तपासून, खुणा जुळवून घेणाऱ्या या व्यवसायात ती वापरणाऱ्याचे डोळे मात्र वर्षानुवर्षे तपासले जात नाहीत, ही चमत्कारिक गोष्ट आहे.

चष्मा लागला तरी कोणता, हा प्रश्न उरतोच. वाचायचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटरसाठी असतो. मॉनिटर ६० सेंटिमीटरवर असेल तर त्यातून तो धूसर दिसतो. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात मधल्या अंतराची पट्टी अरुंद असते, ती सापडावी म्हणून हनुवटी वर करून बघावे लागते, आणि बारा तासांच्या शिफ्टनंतर मान दुखू लागते. लोक मानेला मलम चोळतात. मॉनिटरचे स्टँड वीतभर खाली घेतले, स्क्रीनचा वरचा कठडा डोळ्यांच्या रेषेच्या खाली आला, तर बरेचदा मलमाची गरज पडत नाही.

डोळे चुरचुरण्याचे कारण वेगळे. निवांत बसलेला माणूस मिनिटाला १५ ते २० वेळा पापणी मिटतो. टक लावून स्क्रीन बघताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते, आणि टेक चालू असताना फोकस पुलर तर जाणूनबुजून पापणी आवरतो. निरोगी डोळ्यावरचा अश्रूंचा थर साधारण १० सेकंद टिकतो, मग फाटू लागतो. स्टुडिओतले एसी आणि डिमरवर तापलेले दिवे त्याला आणखी वाळवतात. गंमत अशी की थर फाटला की दृष्टी स्वतःच धूसर होते, आणि फोकस गेला समजून नॉब फिरवला जातो. दोन टेकच्या मध्ये डोळे पूर्ण मिटून पाच-सहा वेळा सावकाश उघडझाप करणे, लांब बघणे, एसीचा झोत तोंडावर न घेणे, हे साधे उपाय पुष्कळांना पुरतात. लालसरपणा घालवणारे थेंब मनाने आणून घालत राहू नये. ते कोरडेपणावरचे औषध नव्हे. उन्हात शूटिंग असेल तर मॉनिटरला कापडी हूड लावावे, नाहीतर उजेड वाढवत नेऊन डोळे आणि बॅटरी दोन्ही संपतात.

लहरींची भीती मात्र अनेकांना असते, तेवढी ती रास्त नाही. ही उपकरणे बहुधा घरच्या वाय-फायसारख्याच ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. त्या लहरींच्या एका कणाची ऊर्जा, अणूतून इलेक्ट्रॉन उपटायला जी लागते तिच्या काही दशलक्षांश पट असते. क्ष-किरणांशी त्यांची तुलना होत नाही, आणि अंतर दुप्पट झाले की तीव्रता चौथाई होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये रेडिओ लहरींना ‘शक्यता पूर्ण नाकारता येत नाही’ अशा गटात ठेवले, ते प्रामुख्याने डोक्याला लावून वापरायच्या मोबाइलबाबतच्या अपुऱ्या पुराव्यावरून. ज्याला पेसमेकर बसवला आहे त्याने ट्रान्समीटर छातीच्या खिशापासून वीतभर दूर ठेवावा आणि आपल्या हृदयरोगतज्ज्ञांना कामाचे स्वरूप सांगावे, एवढी काळजी पुरे.

चाळिशी उलटलेल्या फोकस पुलरने चष्म्यासाठी जाताना मात्र एक काम करावे. पेटीतली ती टेप अजून असेलच. आपण बसतो तसे बसून डोळ्यापासून मॉनिटरपर्यंतचे अंतर मोजावे, मग नेहमीच्या जागेवरून नटापर्यंतचे, आणि दोन्ही आकडे कागदावर लिहून नेत्रतज्ज्ञांच्या टेबलावर ठेवावेत.